लँडस्केप फोटो यंत्राने काढायचा, तर आभाळ कोणाचं?

गिरीवाट

आमचा आठ जणांचा ट्रेकिंगचा गट दरवर्षी दिवाळीच्या सुमारास भिंतीवरची दिनदर्शिका काढतो. सह्याद्रीतले बारा फोटो, दीडशे प्रती. ज्या वाड्यांत मुक्काम केला, जिथे पिठलं-भाकरी खाल्ली, त्या घरांत एकेक प्रत नेऊन द्यायची हा आमचा शिरस्ता.

गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरच्या पानावर रतनवाडीचा फोटो होता. पुढे पिकलेली भातखाचरं, मधे बांधावरचं उंबराचं झाड आणि मागे भंडारदऱ्याच्या जलाशयाचं पाणी. ऑक्टोबरात काढलेला, मळभ दाटलेल्या दिवशी. आभाळ अगदी राखेसारखं होतं. आमच्यातल्या एकाने तो एका प्रोग्रॅममध्ये टाकला, एक बटण दाबलं आणि आभाळ केशरी झालं. ढगांच्या कडा सोनेरी, पाण्याच्या वर मावळता सूर्य. सगळ्यांना आवडला. मलाही आवडला, आणि छापायला मीच होकार दिला.

प्रत द्यायला ज्यांच्याकडे गेलो, त्या बाबांचंच ते खाचर. त्यांनी पान हात लांब करून धरलं, बराच वेळ पाहिलं. "हे आमचं वावर. हा बांध. उंबर बी आमचाच." मग बोट वर सरकलं आणि थांबलं. "पण धरणाच्या अंगाला दिवस कसा काय बुडला? दिवस तर कोकणच्या अंगाला बुडतो."

मी पुन्हा नीट पाहिलं. पाणी राखाडीच होतं, वरच्या केशरी रंगाचा त्यात मागमूस नव्हता. सूर्य इतका खाली, पण उंबराखाली सावली नाही. दीडशे घरांत आम्ही पूर्वेकडचा सूर्यास्त टांगला होता. बाबा काही रागावले नाहीत, पण त्यांच्याच शेताचा फोटो त्यांना परका वाटला, हे माझ्या मनातून अजून जात नाही.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. २०१७ साली गूगलच्या दोन संशोधकांनी 'क्रिएटिझम' नावाची प्रणाली मांडली होती. स्ट्रीट व्ह्यूची, म्हणजे गूगलच्या गाडीवरच्या कॅमेऱ्याने टिपलेली, सुमारे चाळीस हजार चौफेर दृश्यं तिला दिली. आल्प्स, कॅनडातली बॅन्फ आणि जॅस्पर राष्ट्रीय उद्यानं, कॅलिफोर्नियाचा बिग सर किनारा, यलोस्टोन. त्या गोल दृश्यातून कुठली चौकट कापायची हे यंत्राने ठरवलं, रंग आणि उजेड-अंधार बेतला, आणि शेवटी चित्राच्या ठरावीक भागावर उजेडाचा एक थर चढवला, उन्हाची तिरीप पडल्यासारखा. मग हे फोटो माणसांनी काढलेल्या फोटोंत मिसळून व्यावसायिक छायाचित्रकारांपुढे ठेवले आणि एक ते चार गुण द्यायला सांगितले. यंत्राने स्वतः सर्वोत्तम ठरवलेल्या फोटोंना मिळालेल्या गुणांपैकी साधारण चाळीस टक्के तीन किंवा चारच्या घरातले होते, म्हणजे निम-व्यावसायिक किंवा त्याहून वरचे.

आता आभाळ बदलणं, नको ती तार पुसणं, पुढे नसलेला दगड आणून ठेवणं, सगळं फोनमध्ये आलं आहे. यंत्राला चौकट जमते, रंग जमतात. मग आमच्यासारख्यांनी त्याच्याकडून काय करून घ्यावं आणि काय नको? पुढच्या दिनदर्शिकेआधी आम्हाला गटाचा नियम ठरवायचा आहे. प्रामाणिक मतं हवी आहेत, विरोधी असली तरी.

---

दोन_शून्य

छान धागा. मी याच क्षेत्रात काम करतो, म्हणून 'क्रिएटिझम' कसं शिकलं ते थोडं सांगतो.

एरवी यंत्राला शिकवायचं तर 'आधीचा फोटो' आणि 'सुधारलेला फोटो' अशा जोड्या लागतात. त्यांनी जोड्या वापरल्याच नाहीत. फक्त चांगले फोटो घेतले आणि ते मुद्दाम बिघडवले. कुणाचा रंग उडवला, कुणाची चौकट वेडीवाकडी कापली. मग यंत्राला सांगितलं, यातला चांगला ओळख. नवख्या माणसापुढे निवडलेल्या तांदळात आपणच खडे मिसळून 'आता निवड' म्हणावं, तसं. रंगाची पारख वेगळी शिकवली, चौकटीची वेगळी.

म्हणून यंत्राला 'चांगल्या फोटोत काय असतं' हे कळतं, पण 'या जागी काय होतं' हे त्याला कुणी विचारलेलंच नाही. रतनवाडीत तेच घडलं.

तुमच्या चुकीवर उपाय मात्र सोपा आहे. फोटोच्या फाइलमध्ये तारीख-वेळ असते, बऱ्याच फोनमध्ये ठिकाण, काहींत दिशाही असते. ऑक्टोबरच्या मध्यावर रतनवाडीच्या अकोले तालुक्यात सूर्य पश्चिमेच्या साधारण दहा अंश दक्षिणेला मावळतो, हे गणित कुठलंही साधं ॲप करतं. ते प्रोग्रॅमला जोडलं की धरणाच्या अंगाला सूर्यास्त होणार नाही. पाण्यात प्रतिबिंबही बरोबर पडेल. हे येत्या काळात होईलच.

---

गिरीवाट

@दोन_शून्य, तांदळाचं उदाहरण फार नेमकं. पण उपायाने माझी काळजी वाढली.

सूर्य बरोबर दिशेला आला, पाणी केशरी झालं, उंबराची सावलीही पडली, तर बाबांनाही शंका आली नसती. आणि तरी त्या दिवशी सूर्य नव्हताच. मळभ होतं. चूक पकडता आली म्हणून आम्ही निदान भानावर आलो. न पकडता येणारा खोटेपणा मला जास्त जड वाटतो.

---

अंधारखोली

पस्तीस वर्षं स्टुडिओ चालवला, त्यातली वीस डार्करूममध्ये गेली. म्हणून थोडं वेगळं बोलतो, राग नसावा.

लाल दिव्याखाली मी काय करायचो? सायकलच्या स्पोकला पुठ्ठ्याची चकती चिकटवलेली होती. एनलार्जरचा, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून छापायच्या यंत्राचा, उजेड कागदावर पडत असताना ती चकती नवरीच्या चेहऱ्याच्या वर हलवत राहायची, म्हणजे चेहरा उजळ येतो. आभाळ गडद हवं तर डोंगराच्या आकाराचा पुठ्ठा कापून बाकीचं झाकायचं आणि आभाळाला दहा सेकंद जास्त द्यायचे. 'क्रिएटिझम'चा उजेडाचा थर म्हणजे माझी चकतीच की!

अमेरिकन छायाचित्रकार अॅन्सल अॅडम्सने १ नोव्हेंबर १९४१ ला न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावरचा चंद्रोदय टिपला. उजेड मोजायचं मीटर ऐनवेळी सापडेना, तेव्हा चंद्राच्या तेजाचा आकडा पाठ होता त्यावरून हिशेब केला. दुसरी निगेटिव्ह घ्यायच्या आत कबरस्तानातल्या क्रुसांवरचं ऊन गेलं. त्या एकाच निगेटिव्हवरून त्याने पुढे कित्येक वर्षं प्रिंट काढले आणि त्याचं आभाळ काळवंडत गेलं. सुरुवातीच्या प्रिंटमधले पुसट ढग नंतरच्या प्रिंटमध्ये काळ्यात बुडालेत. त्याला कोणी खोटारडा म्हणत नाही.

अजून मागे जा. १८५० च्या दशकात फ्रान्समध्ये ग्युस्ताव्ह ल ग्रे समुद्राचे फोटो काढायचा. तेव्हाच्या निगेटिव्हच्या काचांवर निळा रंग इतका भराभर उमटायचा, की समुद्र नीट यावा एवढा वेळ दिला तर आभाळ कोरं पांढरं व्हायचं. म्हणून तो समुद्राची एक आणि आभाळाची दुसरी अशा दोन निगेटिव्ह एकाच कागदावर छापायचा. आभाळ बदलायची युक्ती जवळजवळ फोटोग्राफीइतकीच जुनी आहे. बटणाला दोष देण्याआधी हे लक्षात असावं एवढंच म्हणणं.

---

काजवेवाली

काका, स्पोकची चकती वाचून माझ्या वडिलांची डार्करूम आठवली. हायपोचा, त्या फोटो पक्का करायच्या रसायनाचा, वास अजून नाकात आहे.

मी काजव्यांचे फोटो काढते. मेअखेर ते पहिला मोठा पाऊस, एवढाच काळ मिळतो. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर ते लखलखतात. यात यंत्राशिवाय माझं पानही हलत नाही. कॅमेरा तिकाटण्यावर (ट्रायपॉडवर), तीस-तीस सेकंदांचे एकशेवीस फोटो, सगळे आपोआप. घरी येऊन ते एकावर एक रचायचे. म्हणजे माझ्या फोटोतलं झाड एका क्षणाचं नाही, एका तासाचं असतं. तसं मी फोटोखाली लिहिते.

पण एक अनुभव सांगते. दोन वर्षांपूर्वी अंधारातली खरखर, म्हणजे फोटोत येणारे दाणेदार ठिपके, घालवणारा एक नवा प्रोग्रॅम वापरला. झाड सुरेख, मखमली आलं. फोटो पाठवूनही दिला. नंतर मूळ फाइलशी ताडून पाहिलं तर झाडाच्या डाव्या अंगाचे, खालच्या फांद्यांवरचे काजवे गायबच! ते फिकट होते, ठिपक्याएवढे. यंत्राने त्यांना खरखर समजून पुसलं. आणि वर, फांद्यांच्या फटीतून दिसणाऱ्या चांदण्या मात्र ठळक करून ठेवल्या.

मी त्या रात्री तिथे बसले होते, म्हणून मला ठाऊक की खालच्या फांद्यांवर काजवे होते. जो बसलाच नाही त्याला कसं कळणार? तेव्हापासून खरखर राहिली तरी चालेल, पण झाडावर तो प्रोग्रॅम चालवायचा नाही, असं ठरवलं. हजार-बाराशे फोटोंतून हललेले वेगळे काढायला मात्र यंत्रच वापरते. आठ तासांचं काम वीस मिनिटांत होतं, आणि तो वेळ मी पुन्हा डोंगरात घालवते.

---

गेंदफूल

काजवेवाली ताई, अगदी हेच! माझा विषय कासचं पठार.

कासला फुलं एकदम येत नाहीत, पाळी लावून येतात. कधी पांढऱ्या गेंदाने सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, भरतो, कधी तेरड्याने गुलाबी-जांभळा होतो, सीतेची आसवं निळसर, कवला पिवळा. पंधरवड्यात पठाराचा रंग पालटतो. पाऊस उशिरा आला की पाळी पुढे-मागे होते. टोपली कार्वी तर सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते.

आमचा छोटा गट जुने फोटो गोळा करतो. कोणत्या वर्षी, कोणत्या आठवड्यात, कोणत्या सड्यावर काय फुललं होतं याची नोंद फोटोवरून करायची. जुन्या रोलवरचे, पिवळे पडलेले फोटोसुद्धा यात सोन्यासारखे उपयोगी पडतात. आणि गेल्या तीन-चार वर्षांतले चकचकीत फोटो बाजूला ठेवावे लागतात. गेंदाच्या सड्यावर जांभळी झाक आणलेली असते. एका फोटोत तर पुढच्या कोपऱ्यातली मोकळी कातळाची जागा फुलांनी 'भरून' काढलेली होती. आम्ही मोठी करून पाहिली. पाकळ्या आहेत, पण कुठल्याच फुलाच्या नाहीत. चार पाकळ्यांच्या शेजारी सहा, देठ मातीत न जाता हवेतच संपलेला.

तो उघडा जांभा खडकही नोंद असतो हो. तिथे माती किती पातळ आहे, पाणी किती दिवस साचतं, तिथे गेंदच का येतो, हे त्या मोकळ्या जागेवरून कळतं. ती बुजवली की माझ्या दृष्टीने फोटोचा जीवच गेला.

---

बर्फगाव

गेली अकरा वर्षं कॅल्गरीत आहे, मूळचा नाशिकचा. बॅन्फ आमच्यापासून दीड तासावर, म्हणून बोलल्याशिवाय राहवत नाही.

मोरेन लेकचा फोटो तुम्ही पाहिलाच असेल. हिमनदी खडक दळते, ते पीठ पाण्यात तरंगतं आणि त्याने तळं निळं-हिरवं दिसतं. पूर्वी कॅनडाच्या वीस डॉलरच्या नोटेवर हाच देखावा होता. दगडांच्या एका ढिगावर चढलं की तो जसाच्या तसा समोर येतो. पहाटे तिथे तिकाटण्यांची रांग लागते. गर्दी इतकी झाली की २०२३ पासून त्या रस्त्यावर खाजगी गाड्याच बंद केल्या, आता बसने जायचं. यंत्राने हजारो फोटोंतून 'चांगली चौकट' शिकली तर ती हीच असणार. सगळ्यांनी तिथूनच काढले आहेत ना.

मला सांगायचंय ते जॅस्परबद्दल. गिरीवाट यांनी नाव घेतलं म्हणून. जुलै २०२४ मध्ये तिथे वणवा आला. गावातल्या जवळपास एक तृतीयांश इमारती गेल्या. आजूबाजूचं जंगल मैलोगणती काळं पडलं. मी २०१९ मध्ये आईबाबांना घेऊन तिथे गेलो होतो. बाबा म्हणाले, गाडी थांबव, झाडं बघू दे. दुपारची वेळ, पांढरट आभाळ, रस्त्याच्या कडेने सरळसोट उभी झाडं. एक सपक फोटो काढला. पाच वर्षं कुणाला दाखवलाही नाही.

आगीनंतर तो उघडला. त्या झाडांत तेव्हाच लालसर वाळलेले शेंडे दिसतात, साल पोखरणाऱ्या किड्याने मारलेल्या पाइनचे. मोठं करून पाहिलं तर मोजता येतात. त्या वेळी फोनने मला सुचवलं असतं की 'हिरवं ठळक करू का', तर मी हो म्हटलं असतं, आणि ते लाल शेंडे हिरव्यात मिसळून गेले असते. आता त्या जागेचा माझ्याकडे एवढाच पुरावा आहे.

'क्रिएटिझम'ने जॅस्परच्या चौफेर दृश्यांतून देखणे तुकडे कापले. आज मला त्या तुकड्यांपेक्षा गाडीवरच्या कॅमेऱ्याने भर दुपारी काढलेली ती मूळ, रटाळ दृश्यं मोलाची वाटतात. जळण्याआधीचं सगळं त्यात आहे, सुंदर आणि साधं दोन्ही.

---

माहेरवाट

मी फोटोग्राफर नाही, पण एक बाजू मांडते. माझी आई दीड वर्ष अंथरुणाला खिळून होती. तिच्या माहेरच्या ओढ्याचा एक फोटो होता, उन्हाळ्यातला, कोरडाठक. तिला आठवायचा तो श्रावणातला, दोन्ही काठ भरून वाहणारा. माझ्या मुलाने तो फोटो यंत्राकडून हिरवा करून घेतला, ओढ्याला पाणी आणलं, मोठा छापून पलंगासमोर लावला. आई रोज बघायची. "इथून आम्ही उड्या मारायचो," म्हणून दाखवायची. शेवटपर्यंत तो तिथेच होता. त्याला खोटं म्हणू नका, एवढीच विनंती.

---

गिरीवाट

@माहेरवाट, ताई, त्याला खोटं म्हणायची माझी छाती नाही. आईंना तो ओढा तसा ठाऊक होता, तुम्ही त्यांच्या आठवणीचं चित्र करून दिलंत, आणि हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आम्ही मात्र दीडशे घरांना न सांगता दिलं. मला वाटतं अडचण 'न सांगता' या शब्दात आहे.

@अंधारखोली काका, ल ग्रेबद्दल माहीत नव्हतं, मनापासून आभार. पण एक विचारू का? तुम्ही चकती फिरवायचात तेव्हा निगेटिव्हवर जे नव्हतं ते कधी आणलंत का?

---

अंधारखोली

प्रश्न वर्मी लागला, म्हणून उत्तर द्यायला दोन दिवस घेतले.

चकतीने निगेटिव्हवर असलेलंच वर काढता येतं. नसलेलं नाही. कितीही सेकंद द्या, कोऱ्या काचेतून ढग येत नाहीत. पण मी दुसऱ्या निगेटिव्हचे ढगही वापरले आहेत. कपाटात 'ढग' लिहिलेला एक डबा होता. महाबळेश्वरला एका पावसाळ्यात काढलेले चांगले ढग त्यात होते, आणि ते मी वाईच्या घाटावर, पन्हाळ्यावर, एकदा एका साखर कारखान्याच्या धुराड्यावरही छापले. गिऱ्हाईक खूश होतं. आज हे लिहिताना जाणवतं की वाईच्या त्या प्रिंटखाली मी कधीच काही लिहिलं नाही. तो फोटो अजून कुणाच्या तरी दिवाणखान्यात असेल आणि नातवंडं म्हणत असतील, त्या दिवशी आभाळ कसं भरून आलं होतं.

ल ग्रेला यंत्राची अडचण होती, मला नव्हती. माझ्या फिल्मवर ढग येत होते, फक्त त्या दिवशी आभाळात नव्हते. हा फरक मला मान्य आहे. तरी लग्नाच्या अल्बमला आणि दिवाणखान्याच्या भिंतीला इतका कडक नियम लावू नये, हे माझं मत कायम.

---

दोन_शून्य

थोडी व्यवहारातली भर. फोटोत काय काय बदल केले याची नोंद फाइलच्या आतच ठेवायची एक पद्धत आता रुळू लागली आहे, सी-टू-पी-ए म्हणतात. काही नवे कॅमेरे फोटो काढतानाच फाइलवर डिजिटल सही करतात, पुढे केलेला बदल त्या नोंदीत चढत जातो. अडचण अशी, की स्क्रीनशॉट घेतला किंवा व्हॉट्सअॅपवर पुढे ढकलला की ती नोंद सहसा गळून पडते. छापील कागदावर तर नसतेच. तुमच्या दिनदर्शिकेसाठी फोटोखाली मराठीत एक ओळ लिहिणं हाच टिकाऊ मार्ग.

आणि गिरीवाट, 'सूर्य बरोबर जागी आणू' हे मी फार सहज लिहून गेलो होतो. तुमचं उत्तर वाचल्यावर पुन्हा विचार केला. ते गणित सूर्य बसवायला वापरण्यापेक्षा 'अमुक तारखेला ऊन कड्यावर कधी येईल' हे आधी कळायला वापरावं. मीही तेच करतो, आणि मग तिथे जाऊन बसतो. कधी ऊन येतं, कधी ढग येतात.

---

गेंदफूल

एक सूचना. ओळीत तारीख हवीच, नुसता महिना नको. आणि जागेचं गावातलं नाव, जमलं तर सड्याचं किंवा वावराचं.

---

गिरीवाट

परवा गटाची बैठक झाली. हा धागा मी तिथे वाचून दाखवला. ठरलं ते असं.

हललेले फोटो निवडणं, एकाच दृश्याचे अनेक फोटो एकावर एक रचून पुढचं-मागचं स्पष्ट करणं, लेन्सवरचा थेंब पुसणं, उजेड-अंधार जुळवणं, हे यंत्राने खुशाल करावं. आभाळ, पाणी, झाडं, फुलं, यात नसलेलं काही आणायचं नाही आणि असलेलं पुसायचं नाही. विजेच्या तारासुद्धा. तारांवर थोडी वादावादी झाली, पण एका वाडीत वीज कधी पोचली हे आमच्याच जुन्या फोटोंवरून कळलं होतं, ते आठवल्यावर सगळे गप्प झाले. रचलेला फोटो असेल तर तसं लिहायचं. प्रत्येक पानाखाली तारीख, वेळ, जागेचं गावातलं नाव.

रतनवाडीला मी पुन्हा जाऊन आलो. मूळ राखाडी फोटोचा मोठा प्रिंट नेला होता. बाबांनी तसाच हात लांब करून पाहिला. या वेळी बोट आभाळावरच गेलं. "हां, हा पाऊस आठवतोय. भात कापायला घेतलं आन् आभाळ धरून आलं. हे बघा, या कडंचं कापलेलं दिसतंय, तिथनं थांबलो आम्ही." खरंच, फोटोच्या उजव्या कोपऱ्यात दोन-तीन हात कापलेलं वावर आहे. मी वर्षभर तो फोटो पाहत होतो, मला ते कधी दिसलं नव्हतं. आमच्या दिनदर्शिकेत तर तो कोपरा चौकटीबाहेरच गेला होता.

@बर्फगाव, तुमची हरकत नसेल तर जॅस्परचा तो सपक फोटो आम्हाला जुलैच्या पानावर हवा आहे. सह्याद्रीबाहेरचा पहिलाच. मूळ फाइल पाठवा, आणि तुमच्या बाबांनी गाडी कुठे थांबवायला सांगितली त्या रस्त्याचं नावही.

---

बर्फगाव

हरकत कसली. रस्त्याचं नाव आईला विचारून कळवतो, तिच्या वहीत प्रवासाचा सगळा हिशेब आहे. फाइल आज रात्री पाठवतो.